साक्याच्या पोटातलं शिसं

मित्रांनो, मी एक जुना साका आहे. साका म्हणजे मेंढ्याच्या मागच्या पायातलं, घोट्याजवळचं हाड. तुमच्या मुठीत मी सहज मावेन. माझा रंग एके काळी लालभडक होता, आता तो फक्त खाचांमध्ये उरलाय. एवढंसं हाड काय मोठी गोष्ट सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझा जन्म सुरीखाली झाला आणि पहिल्या दिवसापासून मला एकच काम शिकवलं गेलं. ते काम म्हणजे मारणं.

बालखाश सरोवराच्या काठी आमच्या गावात अता राहत. अता म्हणजे आजोबा, पण ते घरच्यांचेच नाही, साऱ्या गल्लीचे अता होते. त्यांना नातू झाला त्या दिवशी त्यांनी दारचा सगळ्यात मोठा मेंढा पाडला. बर्फ पडलेलं होतं. मेंढ्याचे तीन पाय बांधले, चौथा मोकळा ठेवला, आणि त्या मोकळ्या पायाने तो शेवटपर्यंत लाथा झाडत राहिला. मी त्याच पायात होतो. बर्फावरचं रक्त कुत्र्यांनी चाटून संपवायच्या आत आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. नाव ठेवलं मेदेत. म्हणजे मेंढा गेला आणि मेदेत आला, तो एकच दिवस.

मांस पाहुण्यांनी खाल्लं. अतांनी मला दातांनी साफ केलं, कांद्याच्या सालींबरोबर उकळून लाल रंगवलं, माझ्या पोटाला भोक पाडलं आणि जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून आत ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. मित्रांनो, हाडाला दुखत नाही असं लोक म्हणतात. लोकांना हाडाने कधी सांगितलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

शिसं भरलं की साधं हाड साका होतं. बाकीच्या साध्या हाडांना असीक म्हणतात. पोरं आपापले असीक जमिनीवर रांगेत मांडतात आणि लांबून साका फेकून मारतात. जो असीक रांगेबाहेर उडेल तो मारणाऱ्याचा. संध्याकाळी कुणाची पिशवी फुगलेली असते, कुणाची रिकामी.

मेदेत शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्याकडे मी नव्हतो. कुणाचा तरी उसना साका होता आणि पिशवीभर असीक होते. एका दुपारी त्याचा नेम चुकत गेला. चुकला तसा तो चिडला, चिडला तसे त्याने आणखी मांडले, आणि शेवटी सगळी पिशवी रांगेत ओतली. ती गेली. मग त्याने जिंकणाऱ्या पोराच्या तोंडावर ठोसा मारला आणि रडत घरी आला.

अता चुलीपाशी बसले होते. "कुणाचा दात पडला?"

"एरबोलचा."

"तुझा नाही ना? मग तू कशाला रडतोस?"

"सगळे असीक गेले."

"सगळे मांडलेस कशाला?"

"राग आला होता."

अतांनी त्याचा उजवा हात हातात घेतला, गालाला लावून पाहिला. "तापलाय," ते म्हणाले. "बस त्याच्यावर."

"कशावर?"

"हातावर. हात खाली घे आणि बस. गार होईपर्यंत उठायचं नाही."

पोरगा फुरंगटून स्वतःच्या हातावर बसला. बराच वेळ बसला. बोटांना मुंग्या आल्या तेव्हा अतांनी त्याला उठवलं, आणि त्या बधिर हातात मला ठेवलं. सोबत मूठभर असीक दिले. "वीस असतील तर एक मांड," ते म्हणाले. "ते गेलं तर बाकीचे घेऊन घरी ये. जेव. झोप. पिशवी परत भरते रे, पण घरी आणली तर."

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. मेदेतच्या हातातून सुटलो की मी हवेत गिरकी घ्यायचो आणि रांगेच्या छातीवर जाऊन आदळायचो. समोरच्या हाडांचे कोपरे फुटायचे, टवके उडायचे. पोरं ओरडायची, "मेदेतचा लाल आला!" आणि रांगेतले असीक मागे घ्यायला धावायची. एकदा मी एकाच्या पायाच्या नडगीवर लागलो, तो महिनाभर लंगडला. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्याच्या पोटात शिसं भरलंय त्याला असं काही वाटायचं नसतं, असा माझा समज होता. महिन्यामहिन्याने पिशवी भरत गेली. मेदेत कधी एकाहून जास्त मांडत नसे, आणि हात तापला की खेळाच्या मध्येच जमिनीवर बसकण मारत असे. पोरं हसायची. नंतर हसेनाशी झाली.

मग अता गेले, मेदेतला मिसरूड फुटलं, आणि मला एका पत्र्याच्या डब्यात खिळ्यांबरोबर टाकलं गेलं. कित्येक वर्षं मी गंजलेल्या खिळ्यांच्या कुशीत पडून होतो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

डबा उघडला तेव्हा समोर मोठा मेदेत होता. खांदे रुंद, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. बोटींच्या दुरुस्तीचा कारखाना बंद पडला होता. त्याची बायको बालनूर शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची. मुलगी इंझू पाच वर्षांची, खालचे दोन दात पडलेले, बोलताना शिट्टी वाजायची. आणि मेदेत सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरपुढे बसून पत्ते खेळायचा.

तुम्ही म्हणाल, पत्ते खेळून कुणाचं घर चालतं का? मीही तेच म्हणत होतो. या खेळाला पोकर म्हणतात. पडद्यावर हिरवं टेबल, भोवती सहा जण, कुणाचाच चेहरा नाही. प्रत्येकाला दोन लपलेली पानं, मधे सगळ्यांची पाच उघडी. ज्याची जुळणी भारी त्याचे पैसे, किंवा ज्याला बाकीचे घाबरले त्याचे. हवं तेव्हा बसा, हवं तेव्हा उठा. मेदेत सगळ्यात स्वस्त टेबलांवर बसायचा, जिथे एका डावात जेमतेम पावाची किंमत इकडची तिकडे होते. आमच्याकडे सकाळ असते तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूची माणसं झोपेला आलेली असतात आणि वेड्यासारखं खेळतात, असं तो म्हणायचा. खेळायच्या रकमेला तो 'पिशवी' म्हणत असे. ते ऐकलं आणि मला बरं वाटलं. मी त्याच्या मुठीत असायचो. तो मला अंगठ्याने चोळत, पानं टाकून देत, टाकून देत, आणि क्वचित कधी मारत खेळायचा. पिशवी मुंगीच्या पावलाने वाढत होती. त्यातून इंझूला लाल बूट आले.

आणि मग ती सकाळ आली.

मेदेतच्या हातात एक्क्यांची जोडी होती. समोरच्याकडे सत्ती आणि नव्वी, म्हणजे काहीच नाही. तरी शेवटच्या पानावर तो जिंकला. असं होतं खेळात. पुढे राजांची जोडी, तीही शेवटच्या पानावर गेली. तेही होतं. मग समोरच्याने लिहिलं, "झोप बाळा." मेदेतचा अंगठा माझ्यावर थांबला. त्याचा तळवा चुलीसारखा झाला होता. मला वाटलं, आता हा खाली बसेल. तो बसला नाही. तो मोठ्या टेबलावर गेला आणि सगळी पिशवी मांडली.

ती गेली, आणि पुढची ओळ वाचायच्या आत त्याची मूठ पडद्यातून आरपार गेली होती. काच त्याच्या बोटांत घुसली. त्याने खुर्ची भिंतीवर आपटली, तिचे दोन पाय मोडले. तो कुणावर ओरडत होता हे त्यालाही ठाऊक नसावं, कारण ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस हजारो मैल दूर होता. मग त्याने मला फेकलं.

मित्रांनो, त्या हाताचा नेम मला ठाऊक होता. त्याला भिंतीवर मारायचं होतं. पण दार त्याच क्षणी उघडलं. इंझू गरम बौरसाक घेऊन आली होती, कणकेचा तो तळलेला गोळा, एका बाजूने आधीच चावलेला. "बाबा, हा फुगलाच नाही बघ—"

मी तिच्या डाव्या भुवईवर आदळलो.

हाडाचा हाडाला लागल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकला होता, पण असा नाही. ती रडली नाही आधी. बौरसाकवर रक्त ठिबकलं, त्याच्याकडे तिने पाहिलं, आणि मग रडली. डोळा बोटभर अंतराने वाचला.

टाके घालून आणल्यावर बालनूरने सामान बांधलं. माझ्यावरचं रक्त तिने पुसलं नाही. मला उचलून मेदेतच्या टेबलावर ठेवलं.

"पत्ते सोडतो," मेदेत म्हणाला. "आत्ता, या क्षणापासून. शपथ."

"नको सोडू," बालनूर म्हणाली. "पत्ते सोडशील आणि ताटं फोडशील. मग ताटं सोडशील आणि मला धरशील. तुझा हात जिथे सुटला ना, तिथेच तो आवरून दाखव. बर्फ वितळेपर्यंत मी आईकडे आहे, रुळांच्या पलीकडे. पोरीला तुझी भीती वाटेनाशी झाली तर आम्ही येऊ. नाही तर नाही."

"आणि हा?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा इथेच राहील. तुला दिसला पाहिजे."

त्या हिवाळ्यात मी मेदेतला खरं ओळखलं. त्याने जुन्या बाजारातून एक तडा गेलेला कॉम्प्युटर आणला. एका शेजाऱ्याचं फाटक जोडून जे मिळालं तेवढ्यावर पिशवी सुरू केली. सगळ्यात खालचं टेबल, तिथे पोरंटोरंही बसायला लाजतात. विसातला एकच हिस्सा टेबलावर. तो गेला की कॉम्प्युटर बंद. पिशवी आक्रसली की तो आणखी लहान डावात उतरायचा, आणि उतरताना त्याचे दात करकर वाजायचे. शेवटच्या पानाने त्याला पुन्हा पुन्हा झोडपलं. पानांना काय, ती कुणाच्याही भुवईवर पडतात. एकदा त्याने मला इतकं आवळलं की माझी कड तळव्यात रुतून रक्त आलं. पण हात उठला नाही. तो उठून जमिनीवर जायचा, हात खाली घ्यायचा आणि त्यावर बसायचा. एवढा मोठा माणूस, एकटा, थंड जमिनीवर. रविवारी तो रुळांपलीकडे जायचा. इंझू खिडकीच्या आतून त्याच्याकडे पाहायची आणि तो जवळ आला की भुवई तळहाताने झाकायची.

बर्फ मऊ झालं तेव्हा पिशवी पहिल्याएवढी झाली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका रविवारी इंझूने खिडकी उघडली आणि विचारलं, "बाबा, तो लाल दगड अजून आहे?" आणि नौरोझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या सकाळी बालनूरचा निरोप आला, न्यायला ये.

मेदेतने दाढी केली, चूल पेटवली, नवा सदरा घातला. तो टोपी डोक्यावर ठेवत असतानाच दियास आला.

दियास मेदेतच्या बहिणीचा मुलगा. विशीतला, देखणा, तोंडाने फटकळ. आमच्याकडे भाच्याला मामाकडून तीनदा हवं ते मागायचा हक्क असतो आणि मामाने नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर घराचं अशुभ होतं, असं सगळे मानतात. दियासने पहिल्यांदा मेदेतची मोटरसायकल मागितली होती. दुसऱ्यांदा शिकारी कुत्र्याचं पिल्लू.

"मामा, सणाच्या दिवशी तिसरं मागतो."

"काय ते पटकन सांग, मी निघालोय."

"तुझ्या टेबलावर बसू दे. तू येईपर्यंत. तुझ्या पिशवीतून."

मेदेतचा हात टोपीवरच राहिला. "दुसऱ्याच्या नावावर बसलेलं चालत नाही तिथे. नियम आहे."

"त्यांच्या नियमात बसत नसेल. आपल्या घरच्या नियमात बसतं ना?" दियास हसला. "आईला सांगू का, भावाने आज तोंड फिरवलं म्हणून?"

आजच्या दिवशी घराचं अशुभ मेदेतला नको होतं. बायको-पोर उंबरठ्यावर येणार होती. तो म्हणाला, "खालचं टेबल. विसातला एक हिस्सा. तो गेला की बंद."

"मागितलेल्या वस्तूला अटी घालतात का मामा?"

मेदेत गेला. दियास खुर्चीत बसला, मला उचलून नाक मुरडलं आणि बाजूला ठेवलं. पहिला हिस्सा घटकाभरात गेला. "अस्सं काय!" तो म्हणाला आणि दुसरा मांडला. तिसरा. मग मोठं टेबल. मित्रांनो, मी सगळं पाहत होतो. हाक मारायला मला तोंड नाही. राजांच्या जोडीवर त्याने उरलेली सगळी पिशवी ढकलली, आणि समोरच्याला शेवटच्या पानावर तिसरा पंजा आला.

बाहेर पावलं वाजली.

मेदेत आत आला, खांद्यावर गाठोडं, गाल थंडीने लाल. मागे बालनूर, हातात सणाच्या पातळ लापशीचं पातेलं. मेदेतने पडद्याकडे पाहिलं.

"शेवटच्या पानावर पंजा, मामा!" दियास उठत म्हणाला. घाबरला होता, म्हणून जास्तच मोठ्याने बोलत होता. "माझे राजे होते! राजे! कुणीही लावले असते!"

मेदेतने गाठोडं खाली ठेवलं आणि मला उचललं.

तो तळवा! असा तापलेला मी एकदाच अनुभवला होता. दंड मागे गेला, कोपर वळलं, मी त्याच्या कानाच्या वर आलो. दियासची कानशिलं माझ्यासमोर होती. एवढ्या जवळून मी काय करतो ते मला ठाऊक आहे. मी कवटी फोडली असती.

"मार," दियास भिंतीला टेकून म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मार ना मामा. हक्काचं मागितलं म्हणून मार."

तेव्हा दारात लाल बूट दिसले. इंझू. तिचा हात आपोआप भुवईवर गेला.

बालनूर पातेलं घेऊन जिथल्या तिथे उभी राहिली. ती मधे पडली नाही. मला वाटतं, त्या एका क्षणासाठीच ती सारा हिवाळा थांबली होती.

मेदेतचा हात हवेतच होता. मग त्याचे गुडघे वाकले. तो खाली आला, मूठ जमिनीवर टेकवली, मी त्या मुठीत, आणि सगळं अंग टाकून तो त्या मुठीवरच बसला. कट्ट आवाज झाला. त्याची करंगळी माझ्या कडेवर मोडली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तो उठला नाही.

चुलीत कोळसा तडकला. मग लाल बूट टकटक करत आत आले. इंझू त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दोन्ही हात खाली घेतले.

"किती वेळ बसायचं, बाबा?"

"गार होईपर्यंत."

"माझे गारच आहेत."

"मग माझ्यासाठी बस."

ती बसली. भुवई उघडी होती, पांढऱ्या रेघेसकट.

दियास भिंतीला घसरत खाली आला. "मामा, मी काय करू?"

"तुझा हात बघ गालाला लावून."

त्याने लावला. खाली मान घातली आणि तोही हातावर बसला.

बालनूरने तिघांकडे पाहिलं, पातेलं चुलीवर ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाली, "वा! सणासुदीला माझ्या घरात तीन कोंबड्या अंडी उबवायला बसल्यात. लापशी कुणी प्यायची, मीच?"

इंझू खुदकन हसली. तिच्या पडलेल्या दातांतून शिट्टी वाजली.

निघताना दियासने दारात विचारलं, "मामा, मी परत येऊ ना?"

"तीन झाली, दियास," मेदेत करंगळीला फडकं गुंडाळत म्हणाला. "आता मागायला येऊ नकोस. जेवायला ये."

दुसऱ्या दिवशी मेदेत पुन्हा सगळ्यात खालच्या टेबलावर बसला. रिकाम्या पिशवीत त्याने फुटाण्यांएवढेच पैसे नव्याने घातले होते. उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्याने खेळत होता. इंझूने मला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

"बाबा, याच्या पोटात काय आहे?"

"शिसं. तुझ्या पणजोबांनी भरलेलं."

"काढ."

मेदेतने मला डाव्या तळव्यावर तोलून पाहिलं. शिसं काढलं की साका उरत नाही, हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. तरी संध्याकाळी त्याने मला चिमट्यात धरून निखाऱ्यांवर धरलं. माझी एक कड काळी पडली. अतांनी ओतलेलं शिसं थेंब थेंब बाहेर आलं. त्या शिशाच्या मेदेतने गळाला बांधायच्या गोळ्या केल्या, पुढच्या रविवारी दियासबरोबर मासे धरायला.

मी हलका झालो. आता मला फेकलं तर मी एक असीकही हलवू शकणार नाही. सुरुवातीला मला फार रिकामं वाटायचं. मग इंझूने एके दिवशी माझ्या पोटाच्या भोकावर ओठ ठेवले आणि फुंकर मारली. मी वाजलो. ज्या भोकातून मला मारायला शिकवलं होतं, त्याच भोकातून मित्रांनो, मी वाजलो.

आता मी तिच्या गळ्यात दोऱ्याला असतो. पिशवी परत भरतेय, मुंगीच्या पावलाने. पानं अजून तशीच वागतात. सकाळी कधी आतल्या खोलीतली खुर्ची करकरते, मेदेतचे दात वाजतात. तेव्हा इंझू चित्र काढता काढता मला तोंडाला लावते आणि एकदा फुंकते. करकर थांबते. थोड्या वेळाने जमिनीवर बसल्याचा आवाज येतो.

मित्रांनो, तुमच्याही मुठीत कधीतरी काहीतरी असेल. दगड असेल, पेन्सिल असेल, नुसता एक शब्द असेल. आम्हा वस्तूंना नेम ठरवता येत नाही, तो तुमचा हात ठरवतो. म्हणून फेकण्याआधी तो एकदा गालाला लावून पाहा. तापलेला असेल तर त्याच्यावर बसा. कुणी हसलं तर हसू द्या. आणि शेजारी कुणी बसलेलं दिसलं, तर हात गार असले तरी त्याच्यासाठी बसा.